कोल्हापुरी जोड

प्रवासाला निघालेल्या मुंबईकराला शेजारी शुभेच्छा देत नाहीत, यादी देतात. नाशिकला निघालात तर चिवडा, महाबळेश्वरला निघालात तर जाम आणि चणे, आणि कोल्हापूरचे नाव काढले की पायांची मापे! मे महिन्यात आम्ही चार दिवस कोल्हापूरला जाणार ही बातमी शिवडीच्या आमच्या चाळीत फुटली आणि दोन दिवसांत माझ्याकडे सहा जणांची पावले जमा झाली. वर्तमानपत्राच्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने भोवती ओढलेली रेघ, आत नाव, आणि सोबत प्रत्येकी ८०० रुपये. तळमजल्यावरच्या काकांनी 'उत्तम जोड आठशेला मिळतो' असे पूर्वी कधीतरी जाहीर केले होते, तोच भाव. सातवे माप माझ्या आईचे. तिला कापशी हवी होती, आणि ती चालताना करकर वाजली पाहिजे ही अट.

वास्तविक शिवडीहून धारावी फार दूर नाही. चामड्याच्या पिशव्या, पट्टे, पाकिटे तिथे ढिगाने होतात. पण जवळच्या वस्तूला प्रवासाचे पुण्य नसते ना!

अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे. मी सरळ चप्पल लाईनीत शिरतो. दोन्ही बाजूंना टांगलेले जोड आणि नव्या चामड्याचा तो तेलकट वास. दुकानदाराने एक जोड पुढे ठेवून १,८०० सांगितले. आमच्या सौभाग्यवतीने लालबागच्या बाजारात कमावलेल्या आवाजात नऊशे म्हटले. गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी फळीवरून दुसरा जोड काढला.

"वैनी, ह्यो साडेचारशेला न्या की. पर वाकवून बघा. निस्ता चिकटवलाय. आता पयला बघा. सगळा वादीनं शिवलाय. कुठं खिळा गावला तर फुकट न्या!"

खिळा सापडला नाही. मी चश्मा लावून शोधला.

इथे आमच्या कन्येने प्राडाची हकीकत काढली. जून २०२५ मध्ये या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अशाच अंगठ्याच्या चपला मिरवल्या, कोल्हापूरचे नावही न घेता. इकडे ओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ कबूल केले, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जोडाची किंमत जाहीर झाली सुमारे ८०० युरो. आमच्या चाळीनेही आठशेच दिले होते. फरक तेवढा नाण्याचा.

"आईसाहेबांची कापशी मापानं करून घ्या," असे सांगून दुकानदारांनी आम्हांला सुभाषनगरात त्यांच्या कारागिराकडे धाडले. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून हे नाव पडले, हे मला तिथे कळले. दारात बसलेली बाई चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालीत होती, आपण मुलीची घालतो तशी. नवरा तळ कापीत होता. चुन्यात भिजवून केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवायची, तीत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरून ती टांगून ठेवायची, असे हे कमावणे. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला त्याची आठवण तो काल घडल्यासारखी सांगत होता. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. पण २०१५ च्या कायद्याने बैलांची कत्तल बंद झाल्यापासून कातडे मिळणेच अवघड झाले आहे. मुलगा एमआयडीसीत लागला. "त्यो ह्ये नगं म्हंतो," बाई वेणीवरची नजर न काढता म्हणाली.

हिने विचारले, "एका जोडामागे तुम्हांला काय सुटते हो?" त्याने आकडा सांगितला. तो आमच्या त्या दुपारच्या जेवणाच्या बिलापेक्षा कमी होता.

परत दुकानात आल्यावर ही भावाबद्दल चकार शब्द बोलली नाही. दुकानदारांनीच बावरून शंभर कमी केले. १,७०० प्रमाणे सहा जोड घेतले, म्हणजे शेजाऱ्यांकडून येणे ५,४०० रुपये. मला घाम फुटला. "देतील," ही म्हणाली.

पाचांनी दिले. दोघांनी कुरकुर केली, पण जोड पायात घातल्यावर ती थांबली. लगेच पावसाळा लागला. कोल्हापुरीला पाणी खपत नाही, आणि शिवडीत चार महिने पाण्याखेरीज दुसरे काही नसते. तेव्हा तेल पाजून सगळे जोड माळ्यावर चढले ते थेट दसऱ्याला उतरले. काकांनी मात्र आठशेच्या वर पैसा देणार नाही म्हणून पाय मागे घेतला होता. त्यांचा जोड आमच्याकडेच आहे. मला तो दोन बोटे मोठा होतो.

आता रोज पहाटे आई दूध आणायला निघते. कापशी करकरत जिना उतरते आणि काकांची खिडकी उघडते.

"हजारात देता का?" ते विचारतात.

"सतराशे," ही आतून सांगते.