पंधरा मीटरच्या आत

१८ मे २०२५. रविवारची पहाट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. कारखान्याचे मालक, त्यांच्या घरातली माणसे आणि कामगार, सगळे त्याच इमारतीत झोपलेले होते. मृतांत तीन बायका आणि दीड वर्षाचे एक मूल. अग्निशमन दल कित्येक तास झगडत होते. केंद्राने दोन लाख, राज्याने पाच लाख जाहीर केले, नेते येऊन गेले, आणि मग नेहमीप्रमाणे शॉर्टसर्किटवर विषय मिटला.

मैत्रिणींनो, या आगीकडे आपण ‘कामगारांचा प्रश्न’ म्हणून पाहिले आणि कामगार संघटनांच्या हवाली केले. शहराच्या बांधकामाचे नियम, इमारतींची उंची, चटई क्षेत्र हे तर आपण इंजिनिअर आणि बिल्डर यांचे विषय मानत आलो. स्त्री-संघटनांच्या शिबिरांत हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे सगळे होते. विकास नियंत्रण नियमावली हा शब्दही कोणी काढत नाही. पण बाई कुठे झोपते, कुठे काम करते आणि आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरते, हे त्याच नियमावलीत ठरते.

आपल्याकडे इमारतीची काळजी उंचीवरून घ्यायची पद्धत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने १५ मीटर आणि त्यापुढच्या इमारतीला ‘उंच इमारत’ म्हटले आहे. ही रेघ ओलांडली की अग्निशमनाच्या अटी कडक होतात, तपासणीची नजर तिकडे वळते. हेतू चांगला आहे, कारण उंचावरून माणूस उतरवणे अवघड. पण सोलापूरचे यंत्रमाग कारखाने बहुतेक बुटके. तळमजला, फार तर वर एकदोन मजले. सुताचे कोन, तयार टॉवेलच्या गठ्ठ्यांची थप्पी, हवेत उडणारा तंतू, रात्रपाळी, आणि त्याच छपराखाली अंथरूण. उंचीच्या हिशेबात ही इमारत निरुपद्रवी ठरते. आत किती माणसे झोपतात हे मीटरपट्टीला कसे कळणार?

कायदा नाही असे मात्र नाही. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम कारखान्यांना आणि गोदामांनाही लागू आहे. आगीच्या उपाययोजना करण्याची जबाबदारी मालकाची किंवा ताबेदाराची, आणि त्या चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे. किती ठिकाणी ते खरोखर दिले जाते हे विचारायला कोणी जात नाही.

रेघेच्या किंचित आत इमारत बसवण्याची गोष्ट जुनी आहे. आठ मार्चच्या भाषणांत न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीचा उल्लेख हमखास येतो. २५ मार्च १९११ रोजी १४६ माणसे गेली, त्यांतल्या १२३ बायका आणि मुली. बहुतेक नुकत्याच अमेरिकेत आलेल्या ज्यू आणि इटालियन घरांतल्या, शिवणकामावर पोट भरणाऱ्या. बाहेर पडायचे एक दार कुलूपबंद होते, हे आपण सांगतो. इमारतीच्या उंचीचे मात्र सांगत नाही. ती दहा मजली होती, उंची १३५ फूट. त्या काळच्या तिथल्या नियमाप्रमाणे १५० फुटांच्या वरच्या इमारतीला लाकडी जमीन आणि लाकडी चौकटी चालत नसत. ही पंधरा फुटांनी आत होती, म्हणून लाकूड चालले. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर, आणि बंबाची शिडी पोचत होती सहाव्यापर्यंत.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पाचच वर्षांनी, १९१६ साली, न्यूयॉर्कने इमारतींची उंची आणि जमिनीचा वापर ठरवणारा सर्वंकष नियम केला. जगभरच्या नगररचनाकारांना तो पाठ असतो. उंच इमारतींच्या सावलीमुळे रस्त्यावर ऊन येत नाही, ही त्यामागची एक तक्रार होती आणि ती खरीच होती. पण फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या बड्या दुकानदारांनी या नियमासाठी जोर लावला त्याचे कारण वेगळे. शिवणकामाचे कारखाने त्यांच्या रस्त्यालगत सरकत होते, आणि दुपारच्या सुटीत कामगारांची गर्दी फुटपाथवर आली की उच्चभ्रू गिऱ्हाईक बिचकते असे त्यांना वाटे. म्हणजे उंचीच्या नियमाला प्रकाश आणि हवा ही कारणे होती, तशीच कष्टकरी माणसे नजरेआड करण्याचीही सोय होती.

आपल्याकडेही ‘हा औद्योगिक पट्टा, हा राहता पट्टा’ ही विभागणी कागदावर फार स्वच्छ दिसते. तिच्यामागे एक माणूस गृहीत धरलेला असतो. तो सकाळी घरातून निघतो, कामावर जातो, संध्याकाळी परततो. हा माणूस पुरुष आहे हे वेगळे सांगायला नको. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत माग आणि चूल एका भिंतीच्या दोन बाजूंना असत. बिडी वळणारी बाई आजही सूप मांडीवर घेऊन घरातच बसते, पोरांना सांभाळते, भात शिजवते, आणि वळलेल्या बिड्या कारखान्याच्या शाखेत नेऊन देते. तिच्या घराला नियमात ‘निवास’ एवढेच नाव. आणि एमआयडीसीच्या प्लॉटवर राहणाऱ्या माणसांना तर नियमात जागाच नाही. जागा नाही म्हणून ती तिथे राहायची थांबत नाहीत. घरभाडे परवडत नाही, रात्री माग चालतात, जायला-यायला वाहन नाही, म्हणून राहतात. मे महिन्यातल्या आगीत मालकही तिथेच राहत होते, तेव्हा बंगल्यातला मालक आणि कोंडलेला कामगार असे सोपे चित्र रंगवण्यात अर्थ नाही. कामाच्या जागी राहणे ही सोलापूरची रीतच आहे, आणि नियम ती रीत पाहायला तयार नाही.

याच अक्कलकोट रस्त्याने पुढे गेले की कुंभारी लागते. तिथे २००६ साली बिडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे उभी राहिली, आणि अलीकडे असंघटित कामगारांसाठी रे नगर, तीस हजार घरांचे. त्यांतल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला मिळाल्या. ही घरे सरकारने आपणहून दिलेली नाहीत. लाल बावट्याखाली बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा ती आली. रे नगरच्या इमारती तळमजला अधिक दोन अशा आहेत. लिफ्टचा खर्च नाही, देखभालीचा मोठा भार नाही, हे बरोबरच. पण बुटकी वसाहत म्हणजे पसरलेली वसाहत, आणि एवढी जमीन शहरात मिळत नाही. म्हणून घर शहराबाहेर. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह दोघांच्या नावावर लागते, हे मोलाचे. मात्र नावावर घर असलेल्या बाईला दवाखाना, रेशन, मुलीचे कॉलेज यांसाठी रोज किती पैसे आणि किती तास मोजावे लागतात, हा हिशेबही तिच्याच नावावर चढतो.

शहराच्या आत उंच का बांधत नाहीत, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर नियमात आहे. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीत जादा चटई क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर मिळते. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर जादा काहीच नाही. ३० मीटर आणि पुढे सर्वांत जास्त. रुंद रस्त्यालगत जमीन कोणाची आणि बोळात खोली कोणाची, हे सोलापूरकर बाईला सांगायला नको. बोळात बंब शिरत नाही म्हणून तिथे उंची नको, हे पटते. पण मग बोळ रुंद करण्याचा किंवा तिथल्या बाईला शहरातच जागा देण्याचा विचार त्याच नियमात का नाही?

उंचीवर शहर एकदा जोरात भांडले, ते होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी. सिद्धेश्वर साखर कारखान्याचे सुमारे ९० मीटरचे धुराडे विमानाच्या वाटेत येत होते. मोर्चे, न्यायालय, उपोषणे झाली आणि १५ जून २०२३ ला ते पाडले. ९ जून २०२५ ला गोव्याचे पहिले विमान सुटले. आगीला तेव्हा तीन आठवडे झाले होते. विमानाला आमचा विरोध नाही. एका धुराड्याच्या उंचीवर इतकी वर्षे बोलू शकणाऱ्या शहरात, बुटक्या कारखान्यांतल्या जिन्यांवर तीन आठवडे तरी बोलायला हवे होते, एवढेच म्हणणे.

बोलायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि बांधकामाचे नियमन ही शहरी स्वराज्य संस्थांची कामे ठरवली, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना मिळाल्या. पण आग लागली तेव्हा सोलापुरात निवडून आलेली महापालिकाच नव्हती. २०२२ च्या मार्चपासून प्रशासक होता. आणि एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण म्हणजे महामंडळ स्वतः, त्याची नियमावली वेगळी. तिथल्या नियमाला ना नगरसेविका, ना वॉर्ड सभा. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनी संमती घेऊन बायकांना रात्रपाळी खुली केली, आणि वीज वापरणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या दहावरून वीस कामगारांवर नेली. म्हणजे पंधरा मीटरच्या आतली इमारत, वीसच्या आतले कामगार, आणि रात्री आत बाई.

या अंकानंतर आपल्या गटांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. माहितीच्या अधिकारात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांची जानेवारी आणि जुलैची अग्निशमन प्रमाणपत्रे मागावीत. प्लॉटनिहाय यादी मागावी, ‘सर्व ठीक’ अशा एका ओळीवर समाधान मानू नये. आणि राज्याच्या नियमावलीत किंवा शहराच्या आराखड्यात बदलाची नोटीस निघाली की हरकतींसाठी जेमतेम महिना मिळतो, तेवढ्यात सह्या गोळा व्हायला हव्यात. हरकत साध्या मराठीत चालते, तेलुगू बोलणाऱ्या बायकांकडून ऐकून लिहिली तरी चालते. कांडी भरणाऱ्या, टॉवेलला शिलाई मारणाऱ्या, घड्या घालणाऱ्या बायकांना आधी एवढेच विचारा: रात्री आत कोण राहते, दारे किती, आणि बाहेरून कडी लागते का. जमलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.