पिकअपच्या हौद्यावर छत बसवायचंय? फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी आरसी बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी जूनमध्ये टाटा मोटर्सने ‘एस प्रो’ ही ७५० किलो माल वाहणारी छोटी गाडी ३ लाख ९९ हजार रुपयांच्या सुरुवातीच्या किमतीला बाजारात आणली होती. भाजी, दूध, पाण्याचे जार, ऑनलाइन पार्सल असा धंदा करणाऱ्यांसाठी पहिली मालवाहू गाडी घेणं त्यामुळे थोडं सोपं झालं.

गाडी दारात आली की पुढचा खर्च ठरलेला असतो, तो म्हणजे मागच्या उघड्या हौद्यावर छत. अवकाळी पावसाची एक सर आली आणि कांदा भिजला, तर बाजार समितीत त्याचा भाव पडतो. पार्सलचे खोके भिजले तर भरपाई गाडीवाल्याच्या माथी येते. त्यामुळे छत लागतंच. घासाघीस मात्र फक्त दरावर होते. छताचं वजन किती, आरसीवर त्याची नोंद होणार का आणि विमा कंपनीला कळवलंय का, हे तीन प्रश्न मागे राहतात. स्वस्तात बसवलेलं छत पुढे महाग पडतं ते याच तीन कारणांनी.

रीलमधलं छत इथे चालेल का?

अमेरिकेतल्या पिकअपवर फायबरग्लासचं गुळगुळीत झाकण बसवलेलं अनेक रील्समध्ये दिसतं. तिकडे त्याला ‘टॉपर’ किंवा ‘कॅम्पर शेल’ म्हणतात. तिथल्या बहुतेक पिकअपच्या हौद्याच्या बाजू पक्क्या असतात, फक्त मागचा फाळका उघडतो. त्यामुळे झाकण बाजूंच्या कडेवर ठेवायचं, क्लॅम्पने आवळायचं, की काम झालं. बऱ्याचदा भोकंही पाडावी लागत नाहीत. भारतात टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाड्यांवर अशी कॅनोपी शोभते.

धंद्याच्या गाडीचं गणित वेगळं आहे. आपल्याकडच्या अनेक छोट्या मालवाहू गाड्यांचे बाजूचे फाळकेही खाली पडतात आणि हमाल तिन्ही बाजूंनी माल भरतात-उतरवतात. कडेवर टेकणारं झाकण बसवलं की बाजूचे फाळके अडकलेच. म्हणून इथे प्रामुख्याने दोन पर्याय उरतात: पाइपच्या सांगाड्यावर ताडपत्रीचा हूड किंवा चारही बाजूंनी बंद पत्र्याची कंटेनर बॉडी.

स्वस्त नेमकं काय पडतं?

लोखंडी कामाचा दर बऱ्याच ठिकाणी किलोवर ठरतो. म्हणजे छत जितकं जड, तितका खर्च जास्त. पण खरा तोटा नंतर, रोजच्या फेरीत होतो.

एक साधा हिशेब करून बघू. हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि छताची उंची ४ फूट धरली, तर वरचा भाग आणि चार बाजू मिळून साधारण १५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो असतं. म्हणजे नुसता पत्राच जवळपास १२० किलो. १ इंची चौकोनी पाइप १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला, तर त्याचं वजन मीटरला सुमारे १.२ किलो. असा ३० मीटर पाइप लागला की आणखी ३५ किलो. एकूण झाले १५५ किलो.

त्याच सांगाड्यावर चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाची पीव्हीसी ताडपत्री टाकली, तर तिचं वजन अवघं ९ किलो भरतं. म्हणजे सांगाड्यासकट ४५ किलोच्या आत काम होतं. दोन्हींतला फरक ११० किलोंचा, म्हणजे २० किलोच्या क्रेटने मोजलं तर टोमॅटोचे साडेपाच क्रेट.

गाडीचं एकूण मंजूर वजन आरसीवर लिहिलेलं असतं आणि छत बसवलं म्हणून ते वाढत नाही. छताचे १५५ किलो मालाच्या वजनातूनच वजा होतात. ते विसरून पूर्वीइतकाच माल भरला तर गाडी ओव्हरलोड ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार त्याला २० हजार रुपये दंड आणि त्यावर जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये आकारले जातात.

पत्र्याचा डबा निरुपयोगी आहे असं मात्र नाही. औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, पार्सल अशा मालाला कुलूप लागतं, तिथे ताडपत्री पुरत नाही. याउलट कांदा, भाजी, फळं यांना वारा लागतो. उन्हात तापलेल्या बंद डब्यात हा माल लवकर खराब होतो. तेव्हा छत कोणतं, हे आधी मालावरून ठरतं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे. गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा ढाच्यातला बदल म्हणजे ‘अल्टरेशन’. ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने के. जयचंद्र प्रकरणात स्पष्ट केलं की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ ए नव्या स्वरूपात आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

सोडता-बांधता येणारी ताडपत्री हा ढाच्यातला बदल नाही. वेल्डिंग करून बसवलेल्या पत्र्याच्या डब्याने मात्र गाडीच्या बॉडीचा प्रकारच बदलतो. बोल्टवर बसणारा सांगाडा या दोन्हींच्या मध्ये येतो. तिथे वाद नको असेल तर काम सुरू करण्याआधीच आरटीओची मंजुरी घेणं शहाणपणाचं. त्यासाठी परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर वाहनातील बदलाची सेवा आहे. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. नोंद नसलेला बदल पोलिसांच्या नजरेतून सुटला, तरी पासिंगला अडकू शकतो.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी सोपा मार्ग आहे. काही मॉडेल कंपनीकडूनच कंटेनर बॉडीसह किंवा बॉडीशिवाय ‘कॅब-चेसिस’ स्वरूपात मिळतात. बॉडीचा निर्णय नोंदणीच्या आधी झाला, तर पहिल्याच आरसीवर योग्य नोंद होते आणि पुढचे हेलपाटे वाचतात.

विम्याचं काय?

छत बसवल्याचं विमा कंपनीला कळवलं नसेल, तर अपघातानंतर दावा नाकारायला किंवा कापायला कंपनीच्या हाती कारण मिळतं. शिवाय ज्या छताची किंमत पॉलिसीत धरलेलीच नाही, त्याची भरपाई मागायची कशी, हा प्रश्न उरतोच. म्हणून बिल जपून ठेवावं, विमा कंपनीला लेखी कळवावं आणि पॉलिसीत तशी नोंद करून घ्यावी.

छत आलं की माणसं बसतात

या विषयातला सगळ्यात गंभीर भाग हाच आहे. डोक्यावर सावली आली की लग्नाचं वऱ्हाड, शेतमजूर, देवदर्शनाला निघालेली मंडळी हौद्यात बसतात. ११ ऑगस्ट २०२५ ला श्रावणी सोमवारी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांची पिकअप दरीत कोसळली. त्यात किमान ८ महिलांचा जीव गेला.

हौद्यात सीट नसते, बेल्ट नसतो. गाडी उलटली तर पाइप आणि ताडपत्रीचा हूड माणसाला वाचवू शकत नाही. तो ऊन-पाऊस अडवण्यापुरताच असतो. विम्याचं संरक्षणही इथे तोकडं आहे. आशा राणी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलं की, मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोबत असेल, तर त्याला कायद्यात वेगळं स्थान आहे. इतरांच्या बाबतीत भरपाईचा बोजा थेट गाडीमालकावर पडू शकतो.

बसवताना काय तपासायचं?

- उतार: छत सपाट नको, मधे उंच हवं. ताडपत्रीच्या खोलगट भागात चौरस मीटरमध्ये १ सेंटिमीटर पाणी साचलं तरी तिथे १० किलो वजन वाढतं.
- उंची: छत गरजेपुरतंच उंच ठेवावं. जास्त उंचीने घाटातल्या वळणावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी कलते.
- भोकं आणि गंज: पाडलेल्या प्रत्येक भोकाला प्राइमर लावावा, बोल्टखाली वॉशर आणि रबर हवं. नाहीतर दोन पावसाळ्यांत हौदा गंजायला लागतो.
- मागची बाजू: टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट आणि रिफ्लेक्टर टेप झाकले जाता कामा नयेत. आतल्या आरशातून मागचं दिसणं बंद होतं, म्हणून बाजूचे आरसे नीट लावून घ्यावेत.
- वजन: काम झाल्यावर रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. किती माल भरता येईल, हे त्या पावतीवरच ठरतं.

फॅब्रिकेटरकडे दर विचारताना ‘किती रुपये?’ या प्रश्नाआधी ‘किती किलो?’ असं विचारलं, तरी निम्मा हिशेब तिथेच सुटतो. उरलेला निम्मा आरटीओत आणि विमा कंपनीत सोडवावा लागतो आणि तो वेल्डिंगची पहिली ठिणगी पडण्याआधीच सोडवलेला बरा.