खोल बोअरचा खर्च शेजाऱ्याने का भरावा?

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई

महोदय,

कडा आणि भोवतालचा आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. खाली काळा कातळ. इथे पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पाचशे-सहाशे फुटांवर लागलेले पाणी एका पावसाळ्यात पुन्हा भरून येत नाही. बोअर घेणारा शेतकरी गाडीचे, केसिंगचे, मोटारीचे पैसे मोजतो. पण त्याच्यामुळे शेजारची विहीर आटते, तो खर्च त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. मग शेजारीही कर्ज काढून त्याहून खोल जातो. शिवारातले पाणी तेवढेच राहते, वाढते ते फक्त कर्ज. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली आणि मोटार बंद करायला उरलेसुरले कारणही गेले. शेतकऱ्याला दोष देऊन काय होणार? आपण थांबलो तर आपल्या वाट्याचे पाणी दुसरा उपसेल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

म्हणूनच नियम सर्वांना एकाच वेळी लागू व्हावा लागतो. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 2014 पासून अमलात आहे. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना त्यात मनाई आहे आणि राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी आपल्याकडे आहे. या मनाईने लहान शेतकरी मरेल, असा आक्षेप येतो. पण खोल जाण्याच्या शर्यतीत सर्वांत आधी बाद होतो तो साध्या विहिरीवर भिस्त असलेला लहान शेतकरीच. गावोगाव पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तो ग्रामसभेतून सोडवला: शेतीसाठी बोअर बंद, उसाला मनाई आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकांची निवड. तिथे पोपटराव पवारांचे नेतृत्व होते, सगळीकडे ते कुठून आणायचे, असेही विचारले जाते. नेतृत्व कायद्याने निर्माण होत नाही, हे मान्य. पण जिथे ते नाही तिथेच ग्रामसभेच्या निर्णयामागे कायद्याचे बळ उभे राहायला हवे, आणि त्यासाठी अधिनियमात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे.

आष्टी तालुक्यात या समित्यांना खरे अधिकार द्या. बोअरच्या प्रत्येक गाडीची नोंदणी तपासा आणि प्रत्येक नव्या बोअरची खोली ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, असा आदेश येत्या उन्हाळ्याआधी काढा.

आपला,
कडा (ता. आष्टी, जि. बीड) येथील एक नागरिक