छावणीचा उठाव आणि पितळी काडतूस

दरवर्षी जून उजाडला की संभाजीनगरच्या छावणीतील १८५७च्या उठावावर पोस्टींची रांग लागते. वाक्य ठरलेले: चरबीच्या काडतुसांमुळे इथले सैनिक बिथरले. चित्रही ठरलेले: चकचकीत पितळी काडतूस. मित्रहो, चित्र चुकीचे आहे आणि वाक्यही.

आधी चित्र पाहू. १८५३च्या एन्फील्ड बंदुकीचे काडतूस कागदाचे असे. कागदाच्या सुरळीत एका टोकाला मोजून भरलेली दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी कागदासकट नळीत बसवून गजाने खाली दाबायची. नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळी त्याहून किंचित बारीक. मधली फट कागदाने भरायची, आणि तो कागद आट्यांच्या नळीतून अडखळता सरकू नये म्हणून त्यावर चरबी व मेणाचा लेप. ठिणगी पाडणारी टोपी निराळीच.

पितळी काडतूस ब्रिटिश सैन्यात आले ते १८६६ नंतर, स्नायडर बंदुकीबरोबर. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९चा. त्या कारखान्याचे काडतूस सत्तावन्नचे म्हणून मिरवणे म्हणजे बाजीरावाच्या खलित्यावर टपाल तिकीट चिकटवणे होय.

आता वाक्य. 'चरबी ही निव्वळ अफवा' असे म्हणणाऱ्यांचीही मला कीव येते. आक्षेपार्ह चरबी टाळण्याची विशेष खबरदारी घेतली नव्हती, हे कंपनीच्या शस्त्रखात्यानेच मान्य केले होते. आणि २४ एप्रिलला मेरठच्या ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती! संशय कागदापुरता उरलाच नव्हता.

छावणीत तर प्रश्नच वेगळा होता. एन्फील्ड ही पायदळाची लांब बंदूक. इथे उठला तो हैदराबाद कंटिंजंटचा पहिला रिसाला, मोमिनाबादेहून म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून आलेला. त्यांच्यात बोलवा पसरली की आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध नेणार. त्यांनी ते नाकारले. ज्या फौजेच्या खर्चापायी १८५३च्या तहाने निजामाच्या हातून वऱ्हाड गेले, त्याच फौजेतले हे स्वार होते. कोणाविरुद्ध शस्त्र उचलायचे हा राजकीय निर्णय आहे. त्याला चरबीच्या धास्तीत बुडवणे इंग्रज ग्रंथकारांना सोयीचे होते, कारण धर्मभोळ्या माणसाला उत्तर द्यावे लागत नाही. आपण ते का गिरवावे?

पुण्याहून जनरल वुडबर्न तोफा घेऊन आला. कॅप्टन ॲबटवर पिस्तूल झाडणाऱ्या मीर फिदा अलीला फाशी झाली. क्रांती चौकातील काळा चबुतरा आजही त्या शिक्षांच्या स्मृतीने ओळखला जातो.

तेव्हा येत्या जूनमध्ये ते पितळी चित्र काढा, आणि छावणीच्या मजकुरात काडतुसाच्या जागी दिल्ली लिहा.