खाली, आणखी खाली

रोलर डर्बी शिकायला आलेल्या प्रत्येकीच्या कानावर सुरुवातीचे कित्येक महिने एकच सूचना आदळत असते: खाली. आणखी खाली. गुडघे वाकव, कंबर खाली घे, छाती वर, नजर समोर. पायाखाली चाकं आली की माणूस आपोआप ताठ होतो, आणि ताठ माणूस एका खांद्याच्या धक्क्याने आडवा होतो. गुडघे वाकलेले असले की तोच धक्का मांड्यांत जिरतो. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं, मांड्यांना पटायला फार वेळ लागतो. आज लिहायचंय ते त्या मधल्या काळाबद्दल.

मी ऑस्टिनला राहते. हा खेळ आज जगभर ज्या रूपात खेळला जातो, ते रूप याच शहरात घडलं. खेळ मुळात जुना. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर या आयोजकाने तो सुरू केला, तेव्हा ती कडेला उंच होत जाणाऱ्या ट्रॅकवर दिवसेंदिवस चालणारी दमसासाची शर्यत होती. बायका आणि पुरुष दोघांनाही नियम सारखेच होते. धक्काबुक्कीची भर नंतर पडली, टीव्हीने खेळ गाजवला आणि सत्तरच्या दशकात सगळं थंडावलं. २००१ मध्ये ऑस्टिनच्या बायकांनी तो पुन्हा उभा केला आणि दोन वर्षांनी त्यांच्यातला एक गट सपाट जमिनीवर खेळू लागला. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. उंच कडांचा ट्रॅक बांधायला पैसा लागतो, ठेवायला जागा लागते. सपाट ट्रॅकला गुळगुळीत फरशी, दोरी आणि चिकटपट्टी पुरते. म्हणून तर गावोगावी लीग निघाल्या, २००४ मध्ये त्या एकत्र येऊ लागल्या आणि त्यातून विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन उभी राहिली. लीग खेळाडूंनीच चालवायची, ही रीतही त्यातूनच पक्की झाली. सरावाआधी दोरी अंथरून तिच्यावर पट्टी चिकटवायला आम्ही नवख्याही असतो. पट्टीखालची दोरी चाकाला लागते, त्यामुळे हद्द बघावी लागत नाही, पायालाच कळते.

मराठी वाचकाला हा खेळ समजायला कबड्डी आठवली तरी पुरे. हेल्मेटवर तारा असलेली जॅमर म्हणजे चढाई करणारी. समोर प्रतिस्पर्ध्यांच्या चार ब्लॉकर. एकदा तिने त्या गर्दीतून पार व्हायचं, मग ट्रॅकला फेरी मारून पुन्हा शिरायचं आणि जितक्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकेल तितके गुण मिळवायचे. अशा एका डावाला जॅम म्हणतात, तो चालतो फार तर दोन मिनिटं. फरक एवढाच की इथे दोन्ही बाजूंची चढाई एकाच वेळी चालते. तुमच्या जॅमरला वाट करून द्यायची आणि त्यांचीला अडवायचं, दोन्ही त्याच चौघींनी, त्याच क्षणी.

नवखीची प्रगती मोजायला बरीच वर्षं एक आकडा प्रसिद्ध होता: पाच मिनिटांत २७ फेऱ्या. आमच्याकडे अजूनही घड्याळ लावून फेऱ्या मोजतात आणि मला ते आवडतं. आकडा खोटं बोलत नाही, वाढला की वाढला. पण तो सांगतो एकटीचा वेग, आणि ब्लॉकरच्या कामात वेगाला फारसं स्थान नाही. ब्लॉकर मुख्यतः थांबते आणि थांबवते. पाय रुंद ठेवायचे, बोटं आत वळवायची आणि टाचा बाहेर दाबत चाकं फरशीवर घासत न्यायची. ते जमलं की पाठीशी जॅमर रेटत असतानाही तुम्ही इंचाइंचानेच सरकता. स्केटिंग म्हणजे पळणं असं ज्याला वाटतं, त्याने ही हळू सरकणारी भिंत एकदा जवळून पाहावी.

भिंतीत आम्ही तिघी असतो. दोघी खांद्याला खांदा, कमरेला कंबर लावून. तिसरी आमच्याकडे तोंड करून उलटी चालते, तिचे तळवे आमच्या खांद्यांवर. जॅमर येणार आमच्या पाठीमागून, आमच्या दोघींच्या कमरांमधली फट शोधत. म्हणजे ती नीट दिसते फक्त तिसरीला. ती ओरडते, ‘इन!’ की आम्ही आतल्या हद्दीकडे सरकायचं, ‘आउट!’ की बाहेर. सुरुवातीचे महिने मला यातलं काही ऐकूच येत नसे. गोदामाच्या पत्र्याखाली चाकांचा गडगडाट असतो, आणि माझ्या कानांत तर फक्त माझी चाकं, माझा श्वास. सगळं लक्ष न पडण्यात खर्च होत होतं. मग एका संध्याकाळी ‘इन’ ऐकू आलं, आणि शब्द कळायच्या आधी माझी कंबर डावीकडे सरकलेली होती. मागून खांदा येऊन आदळला, फट बंद होती, जॅमर परत फिरली. त्या दिवशीची माझी फेऱ्यांची संख्या नेहमीचीच होती.

तोल शरीराने सांभाळायला घेतला की लक्ष मोकळं होतं आणि ते दुसऱ्यांकडे जातं. या खेळात ते जावंच लागतं. दोन्ही संघांच्या ब्लॉकर एकमेकींपासून दहा फुटांच्या आत राहिल्या तरच त्यांचा पॅक होतो, आणि पॅकपासून फार लांब गेलेलीला कुणाला अडवता येत नाही. सगळ्या कुठे आहेत हे प्रत्येक क्षणी माहीत असणं हा नियमाचाच भाग आहे.

नवख्यांना सामन्यात पेनल्टीच्या खुर्च्यांजवळ घड्याळ धरून बसवतात. हे काम प्रत्येकीने मागून घ्यावं. एका शिक्षेला तीस सेकंद, सात झाल्या की खेळाडू बाहेर. तिथे बसून एक गोष्ट दिसली: दमलेली खेळाडू हळूहळू ताठ होत जाते, ताठ झाली की तिचे हात वर येतात, आणि वर आलेलं कोपर कुणाला तरी लागतं. पुढच्या मिनिटाला ती माझ्यासमोरच्या खुर्चीत. चांगल्या चांगल्यांचं हे होतं. ‘खाली’ ही सूचना नवख्यांपुरती नाही, हे मला त्या खुर्चीशेजारी कळलं.

बदल सामानावरही उमटतो. गुडघ्याच्या पॅडवरचं प्लास्टिक आधी दोन्ही बाजूंना सारखंच खरवडलेलं होतं. आता उजवं बरंच जास्त झिजलंय, कारण पडताना मी एकाच गुडघ्यावर जाते आणि तिथूनच उठते. डर्बी कायम घड्याळाच्या उलट दिशेने खेळतात, त्यामुळे चाकंही एकसारखी झिजत नाहीत, मधूनमधून त्यांच्या जागा बदलाव्या लागतात. पान्याने नट सोडवून चाक हातात घेतलं की कुठल्या पायावर जोर पडतोय ते दिसतं.

आई सांगलीला असते. शाळेत असताना ती कबड्डी खेळायची. सरावाचा व्हिडिओ पाठवला की आधी फक्त ‘लागलं का गं कुठं?’ एवढंच विचारायची. परवा तिने तो दोनदा बघितला आणि म्हणाली, ‘अगं, पवित्रा बसला की तुझा!’ मग लगेच, ‘पण डावा पाय हलका पडतोय. तिकडनं शिरतील बघ.’ चाकांनी तेच सांगितलं होतं. इतक्या वर्षांनी आई माझ्याशी खेळाडू म्हणून बोलली, याचा आनंद अजून उतरलेला नाही.

पुढे तोंड करून जाताना गर्रकन मागे वळणं मला डावीकडून जमतं, उजवीकडून अजून अडखळतं. सध्या सरावानंतर थांबून तेवढंच करते, कारण येत्या सराव सामन्यात मला तिसरीच्या जागी उभं करणार आहेत, उलटं तोंड करून. ओरडायचं काम आता माझं.