घरचा संगणक : बसविली तितकी मेमरी दिसत कां नाहीं?

काटकसरीच्या घरांत कोणतीहि वस्तु टाकून देण्यापूर्वीं तिची एकवार डागडुजी करून पाहण्याची रीत असते. भांड्यांस कल्हई लावून घेतात, गादीचा कापूस पुन्हां पिंजून घेतात, आणि अलीकडे घरचा संगणक मंदावला म्हणजे त्यांत मेमरीची नवी पट्टी बसवून घेतात. कल्हईची चकाकी तत्काळ डोळ्यांस दिसते. मेमरीचें मात्र तसें नाहीं. पैसे पुरे मोजावे, पट्टी नीट बसवावी, आणि पडद्यावर पाहतां निम्मीहि मेमरी कामास येत नाहीं असें आढळावें, असा अनुभव पुष्कळ घरीं येतो. त्याची कारणमीमांसा या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त झालें तें चिखलीहून आलेल्या एका भगिनीच्या पत्राचें. त्यांचें कुटुंब अकरा माणसांचें. राज्यांत २००१ सालीं एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर कांहीं वर्षांनीं त्यांच्या दिरांच्या शिक्षणासाठीं घरांत पहिला संगणक आला. आतांचा २०१० सालीं घेतलेला. त्यावर या बाई लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करितात, दीर दुकानाचे हिशेब ठेवितात, आणि सासरे आपलीं कीर्तनाचीं टिपणें उतरवून घेतात. यंत्र रखडूं लागलें तेव्हां बाईंनीं शिकवणीच्या मिळकतींतून ४ जीबीच्या दोन पट्ट्या आणविल्या. बसविल्यावर पडद्यावर उमटलें : बसविलेली मेमरी ८ जीबी, वापरण्याजोगी ३.२४ जीबी. झालें! एकानें म्हटलें, दुकानदारानें फसविलें. दुसऱ्यानें म्हटलें, सुनेनें यंत्रांत हात घालावाच कशाला. आणि दुकानदारानें सल्ला दिला कीं हें मोडींत काढा, नवें घ्या. बाई विचारितात, "माझे पैसे खरोखरच पाण्यांत गेले काय? नवें यंत्र घ्यावयाचें तर माझ्या परीक्षेच्या वर्गाची फी यंदा भरतां येणार नाहीं."

आमचें उत्तर असें, कीं पैसे पाण्यांत गेलेले नाहींत, पट्ट्या खोट्या नाहींत, आणि सूनबाईंचाहि कांहीं दोष नाहीं. मेमरी जागेवर आहे. तिला पत्ता तेवढा मिळालेला नाहीं.

तलाठ्याचें दप्तर डोळ्यांपुढें आणा. जमिनीचा नंबर लिहावयास त्यास चारच आंकड्यांची जागा दिली आहे असें समजा. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार नंबर झाले, कीं दप्तर संपलें. त्यापलीकडे कितीहि काळी कसदार जमीन असो, तिला नंबर नाहीं. आणि जिला नंबर नाहीं, तिचा सातबारा निघावयाचा नाहीं. संगणकाच्या मेमरींतील प्रत्येक बाइटास असाच एक नंबर लागतो. फरक इतकाच, कीं तलाठी दहा आंकड्यांनीं लिहितो, आणि यंत्र शून्य व एक या दोनच आंकड्यांनीं लिहितें.

ज्यांनीं थोडेंबहुत छंदःशास्त्र पाहिलें आहे, त्यांस हा हिशेब अगदींच परका नाहीं. अक्षर एक तर लघु, नाहीं तर गुरु. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकीं आठ अक्षरें, मिळून बत्तीस. या बत्तीस ठिकाणीं लघुगुरूंच्या किती निरनिराळ्या रचना होतील, हा प्रश्न भास्कराचार्यांनीं लीलावतींत, इ. स. ११५० च्या सुमारास, घातलेला आहे. उत्तर असें : समवृत्तें २५६, अर्धसमवृत्तें ६५,२८० आणि विषमवृत्तें ४,२९,४९,०१,७६०. तिहींची बेरीज ४,२९,४९,६७,२९६. शेजारच्या जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवाजवळ पाटण येथें, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. तेव्हां ही विद्या आपल्या अगदीं शेजारची म्हणावयास हरकत नाहीं. आतां नवल पाहा. ३२ बिटांच्या संगणकाचे सर्व पत्ते मोजले तर आंकडा नेमका हाच येतो, एकानेंहि कमी-जास्त नाहीं. यालाच बाजारांत ४ जीबी म्हणतात.

मग पुरते चार तरी दिसावे, ३.२४ च कां? याचें उत्तर पुन्हां त्या दप्तरांत आहे. त्याच दहा हजार नंबरांतून नदी, रस्ता व गांवठाण यांसहि नंबर द्यावे लागले, तर शेतांच्या वाट्याचे तितके कमी होणारच. संगणकांत चित्रें दाखविणारें ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कचा भाग, आवाजाचा भाग आणि बायॉसची चिप यांच्याशीं बोलावयास प्रोसेसर याच ४ जीबींतील वरच्या टोंकाचे पत्ते खर्चीं घालतो. त्या पत्त्यांमागें असलेली रॅम झांकली जाते. शिवाय चित्रांची सोय मदरबोर्डावरच असेल, तर ती आपल्यासाठीं रॅममधूनच कांहीं हिस्सा काढून घेते.

यावरील उपाय दोघांनीं मिळून करावयाचा असतो. पहिला मदरबोर्ड. झांकल्या गेलेल्या रॅमला उचलून ४ जीबीच्या पलीकडचे नवे पत्ते देणें हें त्याचें काम. यास मेमरी रीमॅप म्हणतात. इंटेलच्या २००५ सालच्या ९४५ जातीच्या बोर्डांत ही सोयच नव्हती. त्यावर पुऱ्या ४ जीबीच्या पट्ट्या बसविल्या, तरी कोणतीहि ऑपरेटिंग सिस्टीम घातली तरी, सुमारें साडेतीनच्या आंतच भागवावें लागे. २००६ च्या ९६५ जातीच्या बोर्डांत ती सोय आली आणि ८ जीबीपर्यंत मेमरी चालूं लागली.

दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. बोर्डानें पांच आंकडी नंबर दिला, पण तलाठी चारच आंकडे लिहितो म्हणाला, तर उपयोग काय? प्रोसेसरांस ही मोठी लिपि येऊन पुष्कळ दिवस झाले. इंटेलच्या पेंटियम प्रोमध्यें १९९५ सालींच पत्त्यास ३६ स्थानें, म्हणजे ६४ जीबी, मिळालीं होतीं. आणि २००३ सालीं एएमडीनें ६४ बिटांचे प्रोसेसर आणले. तथापि ३२ बिटांच्या घरगुती विंडोजनें ४ जीबीची रेघ ओलांडली नाहीं. मायक्रोसॉफ्टनें ही मर्यादा जाणूनबुजून राखली. कारण पुष्कळ उपकरणांचे ड्रायव्हर मोठ्या पत्त्यांनीं गोंधळून यंत्रच बंद पाडीत. ६४ बिटांच्या विंडोजमध्येंहि आवृत्तीप्रमाणें दर्जे आहेत : विंडोज ७ होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ आणि प्रोफेशनलला १९२.

म्हणून ज्यांस बसविलेली मेमरी पुरी दिसत नसेल, त्यांनीं पुढील क्रमानें तपास करावा. प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम ३२ बिटांची कीं ६४ बिटांची, हें संगणकाच्या माहितीच्या पानावर वाचावें; निम्म्याहून अधिक घरांचें कोडें येथेंच सुटेल असा आमचा अदमास आहे. ती ६४ बिटांची असूनहि मेमरी कमी दिसत असेल, तर बायॉसमध्यें जाऊन मेमरी रीमॅप चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. त्यानंतर विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्यें बूटच्या प्रगत पर्यायांत 'कमाल मेमरी' या चौकटींत कोणी खूण करून ठेविली असेल, तर ती काढावी. पुष्कळ उत्साही मंडळी यंत्र वेगवान होईल या समजुतीनें ती करितात आणि उलट मेमरीस कुंपण घालून ठेवितात. शेवटीं यंत्राची वीज तोडून पट्ट्या काढाव्या, स्वच्छ करून घट्ट बसवाव्या, आणि बोर्डाच्या पुस्तिकेंत कमाल मेमरी किती व कोणत्या जातीची सांगितली आहे तें ताडून पाहावें. जुन्या बोर्डांपैकीं कांहींना नव्या घडणीच्या, थोड्या चिपांच्या पट्ट्या मानवतच नाहींत. घरांत कोणी जाणता नसेल, तर शेगांवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारा एखादा भाचा-पुतण्या बहुतेक गणगोतांत सांपडतोच.

चिखलीच्या बाईंनीं पाठविलेल्या तपशिलावरून त्यांचा बोर्ड ८ जीबी घेणारा, प्रोसेसर ६४ बिटांचा, आणि विंडोज ७ मात्र ३२ बिटांचें, असें निघालें. त्या विंडोजची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजींच थांबली. विंडोज १० चीहि नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांचें असून तें टीपीएम २.० नामक सुरक्षा-चिप मागतें, जी इतक्या जुन्या यंत्रांत नसते. यासाठीं ६४ बिटांची लिनक्स घालावी असें आम्हीं सुचविलें. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानें निर्माण केलेली बॉस अथवा उबुंटू, यांपैकीं कोणतीहि विनामूल्य मिळते व देवनागरी लिहिते. मात्र दिरांचें हिशेबाचें काम विंडोजवांचून चालेल काय, हें आधीं विचारून घ्या, असेंहि बजाविलें. दीर म्हणाले, हिशेब दुकानांतल्या यंत्रावर नेतों. तेव्हां बदल झाला. आतां आठांपैकीं पावणेआठ जीबी कामास येते, आणि वर्गाची फी भरली गेली, असें बाई लिहितात.

परंतु एक इशारा दिल्याशिवाय लेखणी ठेवणें योग्य होणार नाहीं. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जातांना जुन्यावर नवें चढवितां येत नाहीं. सर्व नव्यानें घालावें लागतें, आणि त्यांत जुन्या फायली पुसल्या जाऊं शकतात. आजेसासूबाईंचें एकुलतें छायाचित्र, मुलांच्या मुंजीचीं चित्रें, बारा वर्षांचे हिशेब, या वस्तु कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहींत. त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं झाल्या आहेत, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्या आहेत, अशी घरांतील एका जबाबदार माणसाची खात्री झाल्यावांचून कोणासहि यंत्रास हात लावूं देऊं नये.

आणि पट्टी विकत घेण्यास निघालां असाल, तर चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून न्या : मदरबोर्डाचें नांव व त्याची कमाल मेमरी, सध्यां बसविलेल्या पट्टीची जात, आणि ऑपरेटिंग सिस्टीम किती बिटांची. बोर्डाची मर्यादाच ४ जीबीची निघाली, तर पैसे खिशांत ठेवून परत या. त्या यंत्रास अधिक घालणें व्यर्थ आहे. पण बोर्ड उदार असेल, तर पंधरा वर्षांचें यंत्रहि आणखी कांहीं वर्षें मुलांच्या अभ्यासास पुरतें, आणि त्याला मोडींत काढा म्हणणाऱ्यास ही चिठ्ठीच उत्तर देते.