दुर्मिळ व्याधी आणि पहिले पाऊल

जी गोष्ट क्वचित घडते तिच्यासाठी तजवीज करणे गरीब समाजाला परवडत नाही, असा एक व्यवहारी युक्तिवाद सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत नेहमी केला जातो. क्षय, कुपोषण आणि सर्पदंश यांनी गांजलेल्या ग्रामीण भागात सार्कोमा किंवा पॉर्फिरिया यांसारख्या विरळ रोगांची चिंता कोणी करावी, असा त्याचा सूर असतो. युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. तथापि या रोगांवरील खर्च नेमका कोठे होतो हे तपासले, म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते. येथे औषधापेक्षाही महाग पडते ते चुकलेले पहिले पाऊल.

सार्कोमा हा हाड, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांत उद्भवणारा कर्करोग होय. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आहे. मुलांत ते बरेच अधिक. हाडाचा सार्कोमा बहुधा १० ते २० या वाढीच्या वयात आणि पुष्कळदा गुडघ्याच्या आसपास आढळतो. हेच वय खेळताना पडण्याचेही असते. त्यामुळे गुडघा दुखू लागला की मुका मार लागला असे ठरते, लेप लावला जातो, हाडवैद्याकडून चोळून घेतले जाते, आणि रात्रीची झोप मोडणारी वेदना महिनोन्महिने अंगावर काढली जाते. वस्तुतः अशा वेळी एक साधा क्ष-किरण फोटो पुष्कळ काही सांगून जातो.

१९७० पूर्वी पाय कापूनही अशा पाच रुग्णांपैकी सुमारे चार दगावत, कारण रोगाचे सूक्ष्म कण आधीच फुफ्फुसात पोहोचलेले असत. पुढे केमोथेरपीची जोड मिळाली आणि रोग एकाच जागी असताना सापडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक वाचू लागले. अनेकांचा पायही वाचू लागला. १९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने भारतीय रुग्णाची ऐपत ओळखून देशी बनावटीचा कृत्रिम सांधा वापरात आणला. महागड्या रक्ततपासण्यांची गरज असलेले मेथोट्रेक्सेट हे औषध वगळून त्याने वेगळी औषधयोजनाही बसवली. म्हणजे उपाय आहे आणि तो देशातच आहे. मात्र उशिरा येणाऱ्याला त्याचा पुरता लाभ होत नाही.

मांसल भागातील गाठीची कथा याहून वेगळी नाही. लिंबाएवढी, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटरहून मोठी, वाढत जाणारी, खोलवर असलेली किंवा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ संशयास्पद मानावी, हा सर्वमान्य नियम आहे. अशी गाठ चरबीची समजून घाईने कापली, तर रोगाच्या पेशी आसपास पसरतात आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी व अवघड होते. म्हणून आधी एम.आर.आय. आणि मग तुकडा तपासणी हा क्रम पाळावा लागतो; तपासणीचा छेदही जेथे पुढची शस्त्रक्रिया व्हायची तेथेच घेतलेला बरा.

पॉर्फिरिया हा रक्तातील हीम हे द्रव्य तयार होण्याच्या साखळीतील आनुवंशिक दोष. त्याच्या तीव्र प्रकारात पोटात असह्य कळा येतात, पण पोट तपासले तर काही सापडत नाही. मलावरोध, नाडीची जलद गती, हातापायांतील शक्ती जाणे, कधी झटके, कधी भ्रम. रुग्ण बहुधा तरुण स्त्री असते. मग कोठे अपेंडिक्स विनाकारण काढले जाते, कोठे दुखणे मनाचे ठरते, तर कोठे बाधा झाली म्हणून अंगारा लावला जातो. झटके थांबवण्यासाठी फेनिटॉइन किंवा बार्बिट्युरेट वर्गातील औषध दिले, तर रोग उलट बळावतो. निदानाची खूण मात्र बाटलीतच असते: प्रकाशात ठेवलेली लघवी गडद, लालसर होत जाते, आणि पॉर्फोबिलिनोजेनच्या तपासणीने शंका पक्की होते. घातक औषधे टाळणे व शिरेतून ग्लुकोज देणे ही सुरुवातीची मदत लहान रुग्णालयातही होऊ शकते. तीव्र झटक्यात हेमिन लागते. ते महाग आणि दुर्मिळ आहे.

उपासमारीने या रोगाचा झटका येऊ शकतो, ही गोष्ट नातेपुत्यासारख्या गावाने विशेष लक्षात ठेवावी. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरील या मुक्कामाच्या गावी कडक उपवास करणाऱ्यांची संख्या थोडी नाही. ज्या घरात हा रोग आढळला आहे तेथे निर्जळ व्रत धोक्याचे ठरू शकते, हे श्रद्धेला धक्का न लावताही सांगता येईल.

नातेपुते सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. जिल्ह्यातच, पण पूर्वेकडे, बार्शी आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते केवळ आकडे गोळा करून थांबले नाहीत. रोगाची लक्षणे त्यांनी गावोगाव समजावून सांगितली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारले. ज्ञान पोहोचवणे हीच एक चिकित्सा आहे, याचा पुरावा परजिल्ह्यात शोधण्याची गरज नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत नेऊन ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय केंद्र म्हणून नेमले गेले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु निदान होईपर्यंतच्या चकरा, बुडालेली मजुरी आणि शहरातील मुक्काम यांचा भार बहुधा कुटुंबच सोसते, आणि कर्ज होते ते तेथेच.

शेकडो रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने प्रत्येक विरळ रोग मनात बाळगावा, ही अपेक्षा अवाजवी आहे हे मान्य केले पाहिजे. नातेपुत्याला मोठे कर्करोग रुग्णालय हवे, असेही कोणी म्हणणार नाही. भिंतीवर चार नियमांचा एक तक्ता, लघवीच्या तपासणीची सोय, नेमक्या ठिकाणचे नाव असलेली चिठ्ठी आणि गरिबाला प्रवासखर्च, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. शाळेतील शिक्षकालाही त्यात वाटा उचलता येईल. महिनाभर लंगडणारा विद्यार्थी प्रथम त्याच्याच नजरेस पडतो. या तजविजीला पैसा थोडा लागेल. ती न केल्याची किंमत मात्र एखादे घर पायाने किंवा प्राणाने चुकवते, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.